पोलूचं बी

जोरहाट, आसाम
९ नोव्हेंबर २०२५

ती. मोठी आईस,
नंदाचा साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तू "काय खाल्लंस?" म्हणून विचारलंस आणि मी नुसतं "भात" म्हणून गप्प बसले, त्याचा राग मानू नकोस. तुझा फोन कायम स्पीकरवर. इकडून मी बोलते आणि तिकडे परमेश्वरदादा, तुझी सूनबाई दिपालीवहिनी, चहापत्ती मागायला आलेली साखराबाई आणि रस्त्यानं जाणारं कुणीही ऐकतं. त्यापेक्षा पत्र बरं. आई-बाबा ऊसतोडीला गेले की आपण दोघी कारखान्याच्या पत्त्यावर त्यांना पत्रं लिहायचो ना, तू सांगायचीस आणि मी लिहायची, तेव्हापासूनची सवय. मनातलं काही असलं की हात आपोआप पेन शोधतो.

नोकरीला पाच महिने झाले. रेशमाच्या अळ्या पाळणाऱ्या बायकांच्या घरी जायचं, रोग पडला का बघायचं, वहीत लिहायचं आणि चहा प्यायचा. चहा इतका होतो की रात्री झोप येत नाही. बीडमध्ये रेशीम होतं हे इथं कुणाला खरं वाटत नाही, मग मी आपल्या शेडचा फोटो दाखवते. त्यात तू तुतीची फांदी हातात घेऊन उभी आहेस आणि चेहरा असा की फोटो काढणाऱ्याच्या पाठीत ती बसणारच आहे. सगळे म्हणतात, तुमच्या काकू फार कडक दिसतात. मी म्हणते, दिसत नाहीत, आहेत.

जेवणाचं म्हणशील तर ज्वारी औषधालासुद्धा नाही. पण उपाशी नाही मी. ऑफिसातला दिगंत कोंवर जवळच्याच गावचा आहे. दिगंतची आई माझ्यासाठी रोज डबा देते. भात, आंबट मासा (तो मी दिगंतला देते, घाबरू नकोस), पालेभाज्या. परवा त्यांनी पोलू केला होता. मोहरीच्या तेलात परतलेला, वर हिरवी मिरची आणि कोवळ्या बांबूचं आंबवण. मला आवडला. दिगंत म्हणतो, त्यांच्याकडे अशक्त माणसाला मुद्दाम पोलू देतात, इतकी त्यात ताकद असते.

तुझी बॅच कुठवर आली? पाला पुरतो का? गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
नंदा

चौसाळा
२४ नोव्हेंबर २०२५

चि. नंदास,
मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं शेडच्या दारातूनच हाक मारली, कारण मी त्याला आत येऊ देत नाही. मागच्या खेपेला तोंडात तंबाखू घेऊन आला होता. अळ्यांना तंबाखूचा वास म्हणजे विष, हे त्याला दहा वेळा सांगून झालं.

लेकरं आता तिसरी कात टाकून झोपेतून उठली आहेत. दोनशे अंडीपुंजांची बॅच आहे. दिवसातून तीन वेळा पाला लागतो. दिपाली म्हणते, "आत्याबाई, माझी पोरं उपाशी ऱ्हायली तरी चालतंय तुमाला, पर ही न्हाई." मी म्हटलं, तुझी पोरं डबा उघडून घेतात, यांना कोण आहे?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वाचायला आणि एकदा मोजायला. त्यात दिगंत चार वेळा आला आहे. तुझ्या साहेबाचं नाव एकदाही नाही. परक्या घरची बाई रोज डबा देते ती काय पुण्य जोडायला? ताकाला जाऊन भांडं लपवू नये, नंदे. काय असेल ते सांग. तुझ्या बापानं जाताना गेवराईच्या एका स्थळाचं माझ्या कानावर घातलं आहे. पाडव्याला ते दोघं फडावरून परत आले की पाहुणे येतील. मला आधी ठाऊक पाहिजे, म्हणजे कुणाला किती पोहे करायचे ते कळेल.

दुसरं, तो पोलू काय आहे ते नीट लिही. वेलाला येतो की झाडाला? चवळीसारखा की गवारीसारखा? इतका ताकदीचा आहे म्हणतेस तर मला त्याचं बी पाठव. तुतीच्या बांधाला दोन ओळी लावून बघते. लागला तर आपल्या गल्लीतल्या बाळंतिणींना उपयोग होईल. डाळीचे भाव तू पेपरात वाचत असशीलच.

मासा त्याला दिलास हे बरं केलंस.

तुझी,
मोठी आई

जोरहाट
८ डिसेंबर २०२५

ती. मोठी आईस,
साष्टांग नमस्कार.

तू मोजलंस म्हणून आता लपवत नाही. दिगंत मला आवडतो. तो कमी बोलतो आणि मी जास्त, त्यामुळे भांडण होत नाही. मोटारसायकल सावकाश चालवतो. त्याच्या घरीही अळ्या पाळतात. आपल्यासारखी तुतीवरची जात नव्हे, एरीची. त्या एरंडाचा पाला खातात. परसात एरंड आणि घरातल्या एका खोलीत टोपल्या. त्याची आई टोपलीपाशी जाताना हात धुते, अगदी तू धुतेस तसे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

बाबा तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. तू हो म्हणालीस तर घर हो म्हणेल. तू नाही म्हणालीस तर मी काय करीन हे मला माहीत नाही, म्हणून तू तसं म्हणू नकोस.

पोलूचं विचारलंस. झाडावरच वाढतो म्हणायला हरकत नाही. त्याला वेगळं रान लागत नाही, विहीर लागत नाही, फवारणी तर अजिबात चालत नाही. घरच्या घरी होतो. मूठभर खाल्ला तरी पोट भरतं. पण बी पाठवता येणार नाही. आपल्याकडच्या उन्हात तो तग धरणार नाही असं वाटतं.

गेवराईच्या पाहुण्यांसाठी पोहे भिजवू नकोस.

तुझी,
नंदा

चौसाळा
२ जानेवारी २०२६

राजनंदिनीस,

परवा आपल्या ओसरीवर बचत गटाची बैठक होती. मी सगळ्यांना सांगितलं की आमच्या नंदाकडे पोलू नावाची भाजी आहे, पाण्याशिवाय येते, डाळीपेक्षा ताकदीची आहे. वाटेल तसं करून बी मागवते म्हणाले. साखराबाईनं वहीत नाव नोंदवलं. दिपाली म्हणाली, "थांबा, वेल कसा असतो मोबाईलवर बघू." तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी मोबाईल हातातून घेतला.

एक बाई टोपली घेऊन बसलेली. टोपलीत अळ्या. मी आधी म्हटलं, ही तर आपली लेकरं. मग कढई दिसली.

चौदा बायका होत्या. साखराबाई म्हणाली, "काय गं बाई, लोकं तोंडात किडे पडतेल म्हणून शिव्या देतेत, अन् तुमच्या पोरीनं तं ताटात वाढून घेतले की!" सगळ्या हसल्या. मी चहा केला, सगळ्यांना दिला, कप विसळले.

माझ्या गळ्यात माळ आहे हे तुला ठाऊक आहे. तरी बाहेर गेलेलं माणूस काय खातं याचा हिशोब मी ठेवत नाही. पण मी तुला सरळ विचारलं होतं, वेलाला येतो की झाडाला. तू म्हणालीस, झाडावरच वाढतो म्हणायला हरकत नाही. मला हरकत आहे.

बॅच उतरली. कोष चांगले आले. फोन करू नकोस, कामं आहेत.

कौशल्याबाई

जोरहाट
१६ जानेवारी २०२६

ती. मोठी आईस,

तू पत्राखाली "कौशल्याबाई" अशी सही केलीस. चार ओळींचा राग मी सहन केला असता, ती सही नाही झाली. परवा तुमच्याकडे संक्रांत, इथं बिहू. सगळं गाव शेकोटीभोवती जेवत होतं आणि मी खोलीत तुझं पत्र घेऊन बसले होते.

माझं चुकलं. बी पाठवता येणार नाही असं लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली होती, तरी लिहिलं. तू कान पकडशील ही भीती नव्हती. तू त्या घराला एका शब्दात मोडीत काढशील, ही भीती होती.

आता खरं लिहिते. पोलू म्हणजे एरीची अळी. इथले लोक कोषातून ती बाहेर काढतात, धागा कापसासारखा कातून चादरी विणतात आणि आतला जीव खातात. शेकडो वर्षं खातात. मी तीन वेळा खाल्ला. मला पहिल्या दिवसापासून त्याचं काही वाटलं नाही. मी शिकलेली बाई आहे, त्यात किती प्रथिनं असतात ते मला तोंडपाठ आहे.

मोठी आई, मी नऊ वर्षांची असताना तुझे कोष टेम्पोत भरत होते आणि मी विचारलं होतं, आपल्या अळ्या कुठं चालल्या? तू म्हणालीस, सासरी चालल्या. मी टेम्पोला हात हलवला होता. पुढं कॉलेजात आम्हाला धागा काढायचं केंद्र बघायला नेलं. तिथं मला त्यांचं सासर दिसलं. आधी वाफेत मारतात, मग उकळत्या पाण्यात सोडतात. धागा निघाला की आतला किडा मागच्या बाजूला उकिरड्यावर. ढीग होता, माणसाच्या कमरेइतका. वास सहन होत नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी डोकं दुखतंय म्हणाले आणि जेवले नाही. तू अमृतांजन चोळलंस.

आपण तो जीव घेतो आणि फेकून देतो. ही माणसं तो जीव घेतात आणि त्यावर पोट भरतात. यात पाप कुणाचं मोठं, मला ठरवता येत नाही. जगात खाणारी तोंडं वाढली, रानं तेवढीच, आणि आपल्याकडे पाणी दरवर्षी खाली जातं. एका खोलीत, परसातल्या पाल्यावर घरादाराचं जेवण निघत असेल तर त्याला मी नाक मुरडू शकत नाही.

तू मला काहीही म्हण. त्या बाईला काही म्हणू नकोस. तिनं मला चार महिने डबा दिला आहे.

तुझीच,
नंदा

चौसाळा
२३ फेब्रुवारी २०२६

चि. नंदास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लावला. मुद्दाम लावला. तुझं पत्र वाचून पहिले आठ दिवस मी तुझ्याशी मनात भांडले आणि प्रत्येक वेळी तूच जिंकलीस, म्हणून आणखी राग आला.

आता माझं ऐक. कोष सासरी जातात म्हणून मी तुला सांगितलं तेव्हा मला काही माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षीच्या प्रशिक्षणात साहेबांनी सगळं सांगितलं होतं. टेम्पो भरायला लागला की मी घरात जाऊन भांडी घासायला बसते. घासलेली भांडी परत घासते. इतकी वर्षं हेच चाललं आहे. अळीला मुंगी लागली तर जीव तुटतो माझा, आणि पुढचं मात्र बघायचं नाही. नाकानं कांदे सोलत होते मी.

तर या बॅचला मी टेम्पोवाल्या नबीला म्हटलं, मला टेम्पोत पुढं बसव. तो म्हणाला, "मोठी आई, तुमी कावून येता? पैशाची पट्टी मी आणून देतो की." मी म्हटलं, पट्टी नको, मला माझी लेकरं बघायची आहेत. त्यानं दार उघडलं. बाजारात कोष टाकले आणि तिथून मला धागा काढायच्या कारखान्यात घेऊन गेला.

बघितलं सगळं. तू लिहिलंस तसंच. कोष पाण्यात नाचतात आणि धागा इतका बारीक निघतो की दिसत नाही, नुसता चमकतो. मला त्याचंही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? मग एका बाईनं टोपलं उचललं आणि मागं नेऊन पालथं केलं. मी तिला विचारलं, याचं काय करता? ती म्हणाली, "काय करायचं? फेकतो. लई वास हाय. कोंबड्यावाले न्हेतेत कदी कदी, न्हाई तं कुत्री हायेतच."

मी तिथं उभी राहिले. रडू आलं नाही, लाज वाटली. आपल्या घरी ताटात शीत राहिलं तर मी पोरांना उठू देत नाही, आणि हे टोपलंच्या टोपलं.

परत येताना नबी म्हणाला, "आमच्यात टोळ हलाल हाय. आमची अजमतबी नानी सांगायची, टोळधाड आली व्हती तवा लोकांनी पोत्यानं भरून भाजून खाल्ले. धान न्हाई ऱ्हायलं, मंग धान खाणारालाच खाल्लं. मला न्हाई जमायचं, पर तिला नावं ठेवायची हिंमत बी न्हाई." मग तोच म्हणाला, "तुमची पोर उपाशी तं न्हाई ना तिकडं? मंग झालं."

मी पोतंभर किडे घेऊन आले. दिपालीनं पदर नाकाला लावला. वाळवून कोंबड्यांना टाकले तर कोंबड्यांनी मान वर केली नाही. आता गटातल्या सहाजणी नेतात. साखराबाई सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात मोठी पिशवी आणते. मी तिला म्हटलं, तोंडात किडे पडतील हं. ती म्हणाली, "कोंबडीच्या पडू द्या की!"

तेव्हा खाण्याचं भांडण माझ्याकडून मिटलं. मी खाणार नाही, या जन्मात तरी नाही. पण कुणी खाल्लं तर त्याला कमी लेखणार नाही.

तरी मी हो म्हटलेलं नाही. कारण तुझ्या पत्रातली एक ओळ मला खोटी वाटते. पहिल्या दिवसापासून काही वाटलं नाही म्हणतेस. नंदे, अळी पायाखाली आली म्हणून दोन दिवस शेडमागे बसून रडलेली पोर तू. तुला काही वाटलं नाही हे साखराबाईला सांग. मला एवढंच विचारायचं आहे: तू खाल्लंस ते तुझ्या मनानं, की त्या पोरासाठी? त्याच्यासाठी गिळलं असशील तर मला भीती वाटते. आज हे गिळलंस, उद्या आणखी काय काय गिळशील आणि मला पत्रात "मला आवडलं" म्हणून कळवशील. सासरी गिळून गिळून माणूस कसं होतं ते मी जवळून बघितलं आहे. स्वतःच्या घरातच बघितलं आहे.

पाडवा १९ मार्चला आहे. त्याआधी खरं लिही.

तुझी,
मोठी आई

जोरहाट
७ मार्च २०२६

आदरणीय मोठी आई,
नमस्कार.

मी दिगंत कोंवर आहे. मी तुम्हाला पहिल्यांदा लिहिते. मी मराठी नंदिनीचे ऐकून शिकते आहे. चूक असेल तर तिला रागावू नका, तिला हा पत्र माहीत नाही.

तुमची पत्र आली तेव्हापासून ती रोज लिहायला बसते आणि कागद फाडते. मी विचारली, काय झालं? तिने तुमचा प्रश्न मला वाचून दाखवली. मनाने खाल्लं की दिगंतसाठी. ती म्हणाली, खरं लिहिलं तर मोठी आईला वाईट वाटेल आणि खोटं लिहिलं तर ती पकडेल. म्हणून मी लिहिते. मी खोटं चांगलं बोलू शकत नाही, मराठीत तर बिलकुल नाही.

पहिल्या वेळी ऑगस्ट महिना होता. माझी माने (आम्ही आईला मा म्हणतो) तिला पोलू वाढली. पाहुण्याला आम्ही तेच वाढतो, ती मान असते. नंदिनी ताट बघून उठली आणि बाहेर एरंडाच्या झाडाजवळ गेली. खूप रडली. मा घाबरली. मी विचारली तर ती म्हणाली, माझ्या मोठ्या आईने यांना लेकरं म्हणून वाढवलं आहे. मी माला सांगितली. मग माने आमच्या घरी पोलू बंद केली. दोन महिने. बाबा नाराज होते, पण माने सांगितली, ती मुलगी येते तोपर्यंत या चुलीवर नाही.

ऑक्टोबरमध्ये आमचे कोष तयार झाले. नंदिनी मदतीला आली. टोपली भरली तेव्हा तिने विचारलं, आता यांचं काय करणार? मा म्हणाली, शेजारी देऊन टाकीन, तू आहेस ना. नंदिनीने टोपलीतला एक कोष उचलला. मग म्हणाली, नको, करा. जीव तर जाणारच आहे. माझी मोठी आई ताटात एक शीतसुद्धा टाकू देत नाही.

तिने एक खाल्ला. खूप वेळ लागला. डोळ्यात पाणी होतं. मी म्हटली, सोडून दे, कोणी काही बोलणार नाही. ती म्हणाली, तू गप्प बस, हे तुझ्यासाठी नाही. मग तिने दुसरा खाल्ला आणि मिरची कमी आहे म्हणाली.

म्हणून उत्तर हे आहे. माझ्यासाठी नाही खाल्ला. तुमच्यासाठी खाल्ला, असं मला वाटते.

मी तिला काही गिळायला सांगणार नाही. मी आता भाकरी थापायला शिकते. ज्वारीचं पीठ कुरियरने मागवली आहे. गोल होत नाही.

तुमची,
दिगंत

चौसाळा
२० मार्च २०२६

चि. दिगंत यास,
मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नंदाला हे पत्र तूच वाचून दाखव. तुझं पत्र तिला दाखवायचं की नाही ते तुझं तू बघ, पण कुणीतरी तिला सांगा की आता कागद फाडू नकोस, कागद महाग आहे.

तुझ्या पत्रात चुका पुष्कळ आहेत. "मी लिहिते, मी शिकते, मी म्हटली" असं तू सगळं लिहिलं आहेस. हे बाईचं बोलणं आहे, बाबा. गड्यानं "लिहितो, शिकतो, म्हटलं" असं म्हणायचं असतं. दिपालीनं वाचलं आणि हसून हसून तिच्या डोळ्याला पाणी आलं. मीही हसले. मग चहा ठेवला आणि चहा ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं की तू हे कुठल्या पुस्तकातून शिकलेला नाहीस. ती जे जे बोलते ते तू ऐकत बसतोस आणि जसं ऐकलंस तसं उचलतोस. इतकं ऐकलंस की तिच्यासारखाच बोलायला लागलास. आमच्याकडे गडी माणसं चाळीस-चाळीस वर्षं संसार करतात, पण बायकोचा एक शब्द कधी त्यांच्या तोंडात येत नाही. मला जी भीती होती ती तिथंच, गॅसपाशी, गेली.

ती रडली हे तू लिहिलंस म्हणून कळलं. माझी पोर एरंडाखाली रडते आणि एक परकी बाई दोन महिने आपल्या चुलीवर आपल्याच घरचं आवडीचं शिजवत नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मला त्यांची भाषा येत नाही, पण टोपलीपाशी जाताना हात धुणारी बाई मला कळते. त्यांना सांग, आता आमच्या पोरीपायी चूल पुन्हा कधी अडवू नका. तुमच्या नवऱ्याला पोटभर करून घाला. आमच्याकडे याल तेव्हा एक कढई मी वेगळी काढून ठेवीन, शेडच्या अलीकडे मांडीन आणि मी स्वतः मिरच्या चिरून देईन. खाणार मात्र नाही. त्याचा आग्रह करू नका.

काल पाडव्याला नंदाचे आई-बाप घरी आले. रात्री जेवताना मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. नंदाचे वडील सुंदरराव यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "वैनी, लोकं म्हणतेल, किडे खाणाराच्या घरी पोरगी दिली." मी म्हटलं, "म्हणू द्या. बारा वर्षं तुमी फडावर गेलात, पोर माझ्यापाशी ठिवली. तवा लोकांनी तिला घास भरवला न्हाई. ह्या बाईनं भरवलाय." नंदाची आई रडायला लागली. सुंदररावांनी घास खाल्ला आणि म्हणाले, "पोराला भाकरी जमती का?" मी म्हटलं, गोल होत नाही म्हणतो. तेव्हा ते हसले. फडावरून आल्यापासून पहिल्यांदा.

गेवराईच्या पाहुण्यांना माझ्या परमेश्वरनं आज सकाळीच फोन करून नका येऊ म्हणून सांगितलं.

भाकरीचं एक ध्यानात ठेव. पीठ गरम पाण्यात मळायचं आणि तळहाताच्या टाचेनं भरपूर रगडायचं. आधी गोल करायची घाई करू नये. चिरा गेल्या की गोल आपोआप होते.

आणि शेवटची चूक. पत्राच्या खाली तू "तुमची, दिगंत" असं लिहिलं आहेस. तसं लिहीत नसतात. आपल्यात "तुमचा जावई, दिगंत" असं लिहायची रीत आहे. पुढच्या पत्रात नीट लिहायचं.

तुझी,
मोठी आई